उदकाची वाटणी: पाक पनांग तालुक्याचं प्रकरण

दक्षिण थायलंडमधले पाक पनांगचे लोक आपल्या मुलखाची ओळख ‘तीन पाणी, चार चवी’ अशी करून देतात. गोडं, खारं आणि मचूळ ही तीन पाणी. चौथी चव आंबट.

बांथात डोंगररांगेतून निघालेली नदी सुमारे दीडशे किलोमीटर रेंगाळत थायलंडच्या आखाताला मिळते. तिचं पाणी गोडं, आखाताचं खारं आणि दोघांची गाठ पडते तिथलं मचूळ. आंबट पाण्याची कहाणी वेगळी. नदीच्या वरच्या अंगाला क्वान क्रेंग नावाची मोठी दलदल आहे, वर्षानुवर्षं साचत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची. तिच्याखालच्या मातीत गंधक आहे. ही माती पाण्याखाली असेपर्यंत निमूट पडून राहते. उन्हाळ्यात किंवा चर खणल्यावर पाणी उतरलं आणि तिला हवा लागली, की तिच्यात आम्ल तयार होतं आणि पुढच्या पावसात ते कालव्यात उतरतं. त्या पाण्यात भात पिवळं पडतं, मासे मरतात. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला पाणी आहे का एवढं विचारून भागत नाही. कुठलं आहे, तेही विचारावं लागतं.

या तालुक्याचा सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर राज्यकारभार जमिनीच्या हद्दीवर बेतलेला आणि सगळी भांडणं मात्र पाण्याच्या हद्दीवरून झालेली, असं दिसतं. शेवटी पाण्यालाच हद्द घालायचं ठरलं. ती घातली, आणि मग वाटणीत काय राहून गेलं ते कळलं.

आधी नावांचा घोळ निस्तरतो. ‘पाक’ म्हणजे तोंड, म्हणून पाक पनांग म्हणजे पनांग नदीचं मुख. प्रांताचं नाव नाखोन सी थम्मरात. ते सावकाश म्हणून पाहिलं की आतून ‘नगर श्री धर्मराज’ डोकावतं. थायलंडमध्ये प्रांताला ‘चांगवाट’ म्हणतात आणि त्याखाली ‘अम्फोए’ येतो. इंग्रजी कागदपत्रं अम्फोएला डिस्ट्रिक्ट म्हणतात, पण आकाराने आणि कामाने तो आपला तालुकाच. पाक पनांगचं क्षेत्रफळ सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती लाखाच्या घरात. त्यात 18 ‘तांबोन’ आहेत, म्हणजे गावांचे गट. गावाला निवडून आलेला पाटील असतो, तांबोनला त्या पाटलांचा पाटील असतो, त्याला ‘कम्नान’ म्हणतात. निवड गावाची, पण मानधन आणि हुकूम गृहमंत्रालयाचे. अम्फोएचा मुख्य अधिकारी, नाय अम्फोए, थेट बँकॉकहून नेमून येतो आणि काही वर्षांत बदलून जातो. 1994 च्या कायद्याने तांबोनपातळीवर निवडून आलेल्या संस्था आल्या. साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारख्या, थोडा निधी आणि रस्ते-कचऱ्याची कामं असणाऱ्या. नदीचं दार उघडायचं की बंद ठेवायचं, हे यांच्यापैकी कोणाच्याच हातात नाही. पुढचं प्रकरण वाचताना एवढं लक्षात असू द्यावं.

अम्फोएची ही चौकट आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. राजपुत्र दाम्रोंग गृहमंत्री असताना बँकॉकने जुने मांडलिक सरदार बाजूला सारून प्रांतोप्रांती पगारी अधिकारी बसवले, तेव्हाची ही गोष्ट. या भागाचं आधीचं नाव बिया सात. म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर फेकलेल्या कवड्या. कवड्या एके काळी चलनात होत्या, तेव्हा समुद्राने पैसे आणून टाकावेत असं हे गाव. नाव शोभणारंही होतं, कारण तोवर इथे भाताचा पैसा वाहायला लागला होता.

नदीखोऱ्यातली गाळाची सपाट जमीन, त्यात गलबतं आत येतील असं मुख आणि चिनी व्यापाऱ्यांचं भांडवल. तिन्ही जुळल्यावर काठावर वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. तांदूळ मलायाकडे आणि सिंगापूरकडे जायचा. तिकडे कथिलाच्या खाणी आणि रबराचे मळे वाढत होते, मजुरांना तांदूळ लागत होता. 1905 मध्ये राजा चुलालोंगकोर्न इथे आला. युवराजाला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं, की ही जागा महत्त्वाची आहे हे ऐकून माहीत होतं, पण आपला अंदाज फारच तोकडा ठरला. मलाया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर याच्या तोडीचं बंदर नसावं, असंही त्याने लिहिलं. राजांच्या दौऱ्यात कौतुक फुकट वाटलं जातं हे मान्य, पण या कौतुकाला पुरावा आहे. गिरण्यांची विटांची धुराडी आजही नदीकाठी उभी आहेत.

उतरणीचं कारण एकच सांगता येत नाही. दक्षिणेकडची रेल्वे आली ती पाक पनांगला वगळून, आतल्या बाजूने. नंतर रस्ते झाले आणि माल गलबतांवरून ट्रकवर गेला. मुखाशी गाळ साचत राहिला. मध्य थायलंडमध्ये सिंचनाच्या जोरावर वर्षाला दोन पिकं निघू लागली, इथे एकाचीच शाश्वती नव्हती. गिरण्या एकेक करून थंड पडल्या.

त्यातच 1962 चं वादळ आलं.

पाक पनांगचा उपसागर ज्याच्या आडोशाला आहे, तो वाळूचा लांबट दांडा उत्तरेकडे समुद्रात शिरलेला आहे. त्याचं नाव लाएम तालुम्पुक. तालुम्पुक हा मासा, आपल्याकडच्या पाला-भिंग जातीतला. दांड्याच्या एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ उपसागर आणि मधे कोळ्यांची वस्ती. 25 ऑक्टोबरच्या रात्री हॅरिएट नावाचं वादळ नेमकं इथून आत शिरलं. वाऱ्यापेक्षा घात केला तो पाण्याने. उधाण एका बाजूने चढलं आणि वस्तीवरून दुसऱ्या बाजूला गेलं. पळायचं तर कुठे? दोन्ही बाजूंना पाणीच. दक्षिण थायलंडमध्ये मिळून 900 च्या आसपास माणसं गेली, दहा हजारांहून अधिक बेघर झाली.

या आपत्तीने देशाच्या कारभाराला एक नवं वळण दिलं. राजा भूमिबोलने राजवाड्यातल्या रेडिओ केंद्रावरून मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी पैसे, कपडे, धान्य आणून दिलं. मदत वाटून उरलेल्या रकमेतले 30 लाख बात (बात हे थाई चलन) मूळ निधी म्हणून ठेवून 1963 मध्ये राजप्रजानुग्रह प्रतिष्ठान स्थापन झालं. नाव मराठी माणसाला समासासकट कळतं. वादळग्रस्त भागात या पैशांतून 12 शाळा बांधल्या गेल्या आणि पुढे देशभर आपत्तीनंतरच्या मदतीचं ते कायमचं यंत्र झालं. त्याचा आणखीही एक परिणाम झाला असं मला वाटतं. संकट आलं की तालुक्याच्या कचेरीच्या डोक्यावरून थेट राजवाड्याकडे बघायचं, ही सवय पाक पनांगला तेव्हाच लागली. पुढच्या नदीवरच्या दाराची कथा त्या सवयीशिवाय नीट समजत नाही.

(4 जानेवारी 2019 ला पाबुक हे वादळ पुन्हा पाक पनांगच्याच किनाऱ्यावर धडकलं. या वेळी लाएम तालुम्पुकची वस्ती आधीच हलवली होती. घरांची छपरं गेली, झाडं आणि विजेचे खांब पडले, पण देशभरात मोजकेच मृत्यू झाले. हे वादळ हॅरिएटपेक्षा दुबळंही होतं, त्यामुळे सगळं श्रेय इशाऱ्यांना देता येणार नाही. पण वस्ती रिकामी होती हा फरक मोठाच.)

भात हळूहळू गेलं, कोळंबी मात्र एकदम आली. 1980 च्या दशकाच्या शेवटी बँकॉकजवळच्या समुत साखोन, समुत सोंगक्राम या पट्ट्यातली टायगर कोळंबीची तळी घाण पाण्याने आणि रोगाने बसली. तिथला पैसा, तंत्र आणि दलाल नव्या किनाऱ्याच्या शोधात दक्षिणेकडे सरकले. पाक पनांग, शेजारचा हुआ साय आणि सोंगख्ला प्रांतातला रानोत ही त्यांची पुढची वस्ती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंड जगातला पहिल्या क्रमांकाचा कोळंबी निर्यातदार झाला, त्यात या किनाऱ्याचा वाटा मोठा.

कोळंबीचं गणित साधं आणि मोहात पाडणारं होतं. तिथलं जमिनीचं माप ‘राय’, म्हणजे जवळपास 16 गुंठे. काही रायचं तळं खणायचं, खारं पाणी भरायचं, पिल्लं सोडायची, खाद्य टाकायचं आणि चार महिन्यांत काढणी करायची. वर्षाला दोन पिकं. एक पीक साधलं तर भाताच्या कित्येक वर्षांची कमाई हातात. रात्रभर तळ्यांवर पाणी घुसळणाऱ्या चक्रांचा आवाज चालू. ती बंद पडली तर पहाटेपर्यंत प्राणवायू संपून सगळा माल पालथा. इंजिन राखायला माणूस तळ्याच्या कडेलाच झोपतो.

तळ्यातून झिरपणारं मीठ मात्र बांध ओळखत नाही. पीक काढल्यावर तळाशी उरतो काळा चिखल: न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, औषधं. तो पंपाने कालव्यात सोडला जायचा. तेच पाणी खालचा शेजारी आपल्या तळ्यात घ्यायचा आणि त्याच्या पलीकडच्याच्या भातात ते झिरपायचं. एकाने तळं खणलं की शेजारच्या खाचरात मीठ फुटायचं, मग शेजारीही नाइलाजाने तळं खणायचा किंवा जमीन विकून मोकळा व्हायचा. उपसागराच्या कडेची कांदळवनं तळ्यांसाठी तुटली. चार-सहा पिकांनंतर रोग यायचा, आधी पिवळ्या डोक्याचा, मग पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि तळं सोडून मालक पुढे सरकायचा. मागे राहिलेला चौकोनी खड्डा ना शेताच्या कामाचा, ना समुद्राच्या.

त्यात नदी दुबळी झाली होती. वरची जंगलं गेल्याने आणि पाणी वरच वापरलं गेल्याने, पूर्वी वर्षातले नऊ महिने गोडं पाणी मिळायचं, ते तीन महिन्यांवर आलं. नदीला उतार जवळजवळ नाही. उन्हाळ्यात तिचा जोर ओसरला की समुद्र तिच्या पात्रातून वर चढायचा, शंभर किलोमीटरपर्यंत आत. म्हणजे भातवाल्याची तक्रार खरी होती, पण तिचा सगळा दोष कोळंबीवाल्याच्या माथी मारणं सोयीचं होतं. समुद्र तर कोळंबीच्या आधीपासूनच आत येत होता.

भूमिबोल राजाने या खोऱ्याच्या पाण्याविषयी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून सूचना दिल्या होत्या. 1995 मध्ये मंत्रिमंडळाने पाक पनांग खोरे विकास प्रकल्पाला मान्यता दिली. त्याचा आवाका तीन प्रांतांतल्या 13 अम्फोएंचा, सुमारे 19 लाख राय, लोकवस्ती सहा लाखांच्या आसपास. 1999 मध्ये हू लोंग तांबोनात, नदीमुखाच्या थोडं वर, दार उभं राहिलं: प्रत्येकी 20 मीटर रुंदीचे 10 दरवाजे. राजाने त्याला नाव दिलं उथोक-विफात-प्रसित. थाई उच्चाराची झूल काढली की खाली आपलेच शब्द सापडतात: उदक, विभाजन आणि सिद्धी. पाण्याची वाटणी नीट पार पाडणारं.

रायगड-रत्नागिरीच्या खारबंदिस्तीत वाढलेल्या माणसाला याचं तत्त्व समजावून सांगायला नको. ही अवाढव्य उघाडी आहे. भरतीला झडप मिटायची, समुद्र बाहेर. ओहोटीला उघडायची, पावसाचं पाणी बाहेर. फरक इतकाच, की आपली उघाडी पन्नास-शंभर खातेदारांच्या शेतावर असते आणि ती मोडली की कोणी मोडली ते गावाला माहीत असतं. इथे अख्ख्या नदीला झडप लावली आणि तिची कळ राजेशाही पाटबंधारे खात्याच्या हातात गेली. नाय अम्फोएला तिच्याविषयी पत्र लिहिता येतं, कम्नानला निरोप देता येतो.

दारासोबत आणखी दोन गोष्टी झाल्या. एक, पुराचं पाणी समुद्रात काढायला वेगळे कालवे खणले. त्यातला मोठा छा-उआत ते फ्रेक म्युआंग, सुमारे 27 किलोमीटरचा. दोन, मुलखाची आखणी झाली. समुद्राकडचा पट्टा खारा, म्हणजे कोळंबीचा. आतला भाग गोडा, म्हणजे शेतीचा. मधे बंधारा. 1998 मध्ये देशभरच गोड्या पाण्याच्या भागात कोळंबी पाळायला बंदी आली, कारण तोवर मध्य थायलंडमध्ये लोक टँकरने समुद्राचं पाणी आणून भातखाचरात कोळंबी वाढवू लागले होते. भारतात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 1996 च्या निकालाने किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातल्या कोळंबी तळ्यांवर कुऱ्हाड पडली. आपण न्यायाधीशाकडे गेलो, त्यांनी दरवाजा बांधला.

दाराने काय साधलं? ज्यासाठी बांधलं ते बऱ्यापैकी साधलं. वरच्या अंगाला नदीत वर्षभर गोडं पाणी उभं राहिलं, पिण्याच्या पाण्याची सोय झाली, पुराचा निचरा सुधारला, आणि आंबट पाणी वाढू लागलं तर दलदलीतलं पाणी उंच राखून त्याला दाबता येऊ लागलं. भातवाला आणि कोळंबीवाला यांच्यातल्या रोजच्या कटकटीला रेषा मिळाली.

पण भातासाठी दार बांधेपर्यंत भात लावणारे हात कमी झाले होते. पोरं बँकॉकला किंवा फुकेतला कामाला गेलेली, मजुरी वाढलेली, तांदळाचा भाव जेमतेम. गोडं पाणी आलं तेव्हा बऱ्याच खाचरांत भाताऐवजी पाम तेलाची झाडं उभी राहिली. पाम एकदा लावला की पुढची वीस-पंचवीस वर्षं घड तोडत राहायचे, म्हाताऱ्या जोडप्यालाही झेपतं. धोरण आखणाऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काहीच नाही.

दाराखालच्या कोळ्यांची तक्रार वेगळी आणि मला अधिक वजनदार वाटते. मुखातून वर-खाली करणाऱ्या माशांची वाट तुटली. दाराच्या वर भरती-ओहोटीच थांबली, पाणी साचून राहिलं, त्यावर जलपर्णी पसरली. दार कधी उघडायचं यावरून शेतकरी आणि कोळी समोरासमोर आले. उन्हाळ्यात शेतकऱ्याला ते मिटलेलं हवं, कोळ्याला अधूनमधून तरी उघडलेलं. हा वाद जगातल्या कुठल्याही बंधाऱ्यावर होतो. इथली अडचण अशी, की राजाच्या प्रेरणेने झालेल्या प्रकल्पावर त्या देशात मोठ्याने बोट ठेवता येत नाही. त्यामुळे कोळी दाराविरुद्ध बोलत नाहीत, दार चालवण्याच्या वेळापत्रकाविषयी बोलतात. फरक बारीक आहे, पण त्यामुळे मुळातली विभागणी बरोबर होती का, हा प्रश्न टेबलावर येतच नाही.

तो प्रश्न आला असता तर उत्तर कदाचित खानाप नाक तांबोनात सापडलं असतं. तिथे पुढे जाऊच. आधी पाक पनांगच्या बाजारपेठेत एक चक्कर मारू, कारण तिथे सरकारी आखणीच्या बाहेरचा धंदा डोक्यावर बसलेला आहे. जुन्या चिनी पेढ्यांच्या मागे खिडक्या नसलेल्या, भिंतींत बारीक भोकं असलेल्या उंच इमारती दिसतात. संध्याकाळ झाली की त्यांतून पाखरांच्या चिवचिवाटाचं ध्वनिमुद्रण लाउडस्पीकरवर वाजतं. ही पाकोळ्यांची घरं. लाळेने बांधलेली त्यांची घरटी चिनी बाजारात सोन्याच्या भावाने जातात. बेटांवरच्या गुहांतल्या घरट्यांसाठी 1997 चा कर कायदा आहे, तिथे ठेके दिले जातात. पण पाखरू आपणहून माणसाच्या घरात आलं तर काय, याला त्या कायद्यात नीट जागा नाही, आणि पक्षी तर संरक्षित. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतही पाकोळ्यांच्या गुहा आहेत आणि घरट्यांच्या चोरीची प्रकरणं तिथेही झाली आहेत. पाक पनांगने पाकोळीसाठी बहुमजली घर बांधलं, एवढंच.

क्लोंग नोय तांबोनातल्या पपनसाचंही सांगायला हवं. ‘थाप्थिम सयाम’ म्हणजे सयामचं माणिक. फोडली की आत गडद लाल फोड. या फळाचं मूळ रोप दक्षिणेकडच्या पट्टानीहून आलं असं सांगतात, पण रंग आणि गोडी इथल्या खाऱ्या गाळात चढली. त्याला पाक पनांगच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. कोळंबीच्या भावाचे हेलकावे सोसलेल्यांना हे फळ शहाणपणाचं वाटलं असणार. टायगर कोळंबीच्या जागी व्हॅनामेई ही दुसरी जात आली, 2011 मध्ये थायलंडची कोळंबी सहा लाख टनांवर गेली आणि नव्या रोगाने दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर कोसळली. खाऱ्या पट्ट्यात असं चालतंच.

आता खानाप नाक. इथे ‘चाक’ म्हणजे नीपा ताड होतो, खोड चिखलात गाडलेलं आणि झावळ्या थेट पाण्यातून वर आलेल्या. त्याच्या पानांनी घरं शाकारतात, कोवळ्या पानात तंबाखू वळतात आणि फुलोऱ्याच्या दांड्यातून रस काढतात. माडाची पोय ठोकून माडी काढणाऱ्या भंडाऱ्याला इथे लगेच काम मिळेल. रस सुटावा म्हणून दांडा लाकडी दांडक्याने हलक्या हाताने ठोकतात, वाकवतात, दिवसांमागून दिवस. मग फळांचा घोस छाटतात आणि रोज एक पातळ काप घेतात, कागदाइतका. जाड घेतला तर दांडा लवकर संपतो. खाली बांबूचं नळकांडं लटकतं. त्यात खियाम नावाच्या झाडाचे चार ढलपे टाकलेले असतात, रस आंबू नये म्हणून. सकाळी नळकांडी उतरवून रस मोठ्या कढईत आटवायला घालतात. काहीचा गूळ होतो, काहीचा सिरका.

कोळंबीच्या तेजीत इथलेही नीपा तुटले. नंतर तळी बसली तेव्हा लोक परत त्यांच्याकडे वळले, कारण एकदा रुजलेल्या नीपाला खाद्य नको, वीज नको, कर्ज नको. लागतं ते फक्त पाणी, आणि तेही विशिष्ट. निव्वळ गोडं त्याला मानवत नाही, निव्वळ खारंही नाही. भरतीने थोडं मीठ यावं, ओहोटीने जावं, असं मचूळ पाणी. तालुम्पुक मासाही त्याच पाण्यातून वर चढतो. उपसागरातल्या बोय माशाचंही तेच. त्याची खारवून वाळवलेली गाबोळी इथली प्रसिद्ध.

वाटणीच्या नकाशात दोनच रंग आहेत. बंधाऱ्याच्या अलीकडे गोडं, पलीकडे खारं.